चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस घरच्या घरी: यादीपासून आवराआवरीपर्यंत

माझ्या लेकीचा पहिला वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. सव्वाशे माणसं, फुग्यांची कमान, मोठा स्पीकर. रोज आठला झोपणारी पोर त्या दिवशी पावणेनऊला केकसमोर उभी केली, तेव्हा ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. सगळ्या फोटोंत तिची पाठ आहे. त्या रात्री तिला थोपटताना मी ठरवलं की यापुढे तिचा वाढदिवस तिच्या मापाचा करायचा.

त्यानंतरचे तिचे वाढदिवस आणि आता धाकट्याचेही आम्ही नाशिकला घरीच केले, कधी फ्लॅटमध्ये, कधी सोसायटीच्या गच्चीवर. त्यातून जे हाती लागलं ते इथे नीट मांडते. हिशेब तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा आहे. या वयाचं मूल वाढदिवसाची दिवस मोजत वाट बघतं, पण गर्दी, आवाज आणि ताटकळणं त्याला अजून झेपत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. एका दिवशी दोन वाढदिवस करा, एक मोठ्यांचा आणि एक मुलांचा. आजी-आजोबा, काका-आत्या, मामा-मावशी यांना सकाळी बोलवा. औक्षण, आशीर्वाद, दुपारचं जेवण. संध्याकाळ फक्त मुलांची. घोळ होतो तो हे दोन्ही एकत्र केल्यावर. मोठ्यांना निवांत गप्पा आणि पंगत हवी असते, मुलांना पळायचं असतं. मग यजमान स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहतात आणि ज्याचा वाढदिवस आहे ते मूल कुणाच्या तरी कडेवर कंटाळून जातं.

## तारीख, तिथी आणि वेळ

साधारण तीन आठवडे आधी कॅलेंडर उघडा. घरातले वडीलधारे तिथी मानत असतील तर तिथीच्या दिवशी सकाळी औक्षण करा आणि मुलांचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी किंवा रविवारी ठेवा. तारीख दोन दिवस मागेपुढे झाली तर चार वर्षांच्या मुलाचं काही बिघडत नाही. मात्र "तुझा वाढदिवस या दिवशी" हे त्याला एकदाच आणि पक्कं सांगा, रोज नवीन दिवस सांगू नका.

त्याच कॅलेंडरवर संकष्टी आणि एकादशीही बघून ठेवा. आमच्याकडे एकदा बरोबर संकष्टी आली. सासूबाई आणि शेजारच्या दोन काकू चंद्रोदयापर्यंत उपाशी, आणि मी पावभाजीचा बेत केलेला. आदल्या दिवशी लक्षात आलं म्हणून साबुदाणा भिजत घालता आला.

वेळ मुलाच्या झोपेवरून ठरते. बहुतेक मुलं दुपारी एक ते तीन-साडेतीनपर्यंत झोपतात, म्हणून संध्याकाळी पाच ते सात. दोन तास पुरेसे आहेत. तिसऱ्या तासात भांडणं सुरू होतात, आणि त्यात मुलांचा दोष नसतो, ती दमलेली असतात. गच्चीवर करणार असाल तर सूर्यास्त बघा. फेब्रुवारीत नाशिकला साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि लगेच गार वारा सुटतो, म्हणून आम्ही साडेचारला सुरू करतो. एप्रिल-मे असेल तर गच्चीची फरशी साडेपाचपर्यंत तापलेली असते, अनवाणी पायांना चटके बसतात.

## कोणाला बोलवायचं

मूल जितक्या वर्षांचं, तितकीच मुलं, फार तर दोन जास्त, हे माप मला आदर्श वाटतं. पण सोसायटीत ते नेहमी पाळता येत नाही. एका मजल्यावरच्या मुलाला बोलावून समोरच्याला टाळलं तर त्या पोराला कळतं आणि लागतं. म्हणून मी वर्ग किंवा मजला मोजत नाही. खाली खेळायला रोज जी मुलं एकत्र येतात तो सगळा घोळका बोलावते आणि शाळेतली दोनच घेते, लेक ज्यांची नावं घरी येऊन घेते ती. आकडा दहा ते बारावर थांबतो. शाळेतला वाढदिवस वेगळा. तिथे काय न्यायला चालतं ते बाईंना आधी विचारा, बऱ्याच बालवाड्यांत बाहेरचा खाऊ बंद असतो.

यादी मुलाशी बोलून करा. "तुला कोण हवंय?" असं विचारलं की लेक आधी भाजीवाल्या मावशींचं नाव घेते. त्या आल्या, दहा मिनिटं बसल्या, तर तिचा आनंद बघण्यासारखा असतो. अशी नावं खोडू नका.

पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलासोबत एक मोठं माणूस हवं, हे निमंत्रणातच लिहा. खाली मी पाठवते तो मजकूर आहे, वाटल्यास असाच घ्या:

"नमस्कार, येत्या रविवारी आमच्या लेकीला चार वर्षं पूर्ण होत आहेत. मुलांसाठी संध्याकाळी ५ ते ७ घरीच खेळ आणि खाऊ ठेवला आहे. सोबत तुमच्यापैकी एकाने जरूर थांबावे. मुलाला काही खायला चालत नसेल (शेंगदाणे, दूध, अंडं, काहीही) तर शुक्रवारपर्यंत कळवा. कपडे रंगले तरी चालतील असे घाला. भेटवस्तू आणू नका, आणायचीच असेल तर घरातलं वाचून झालेलं एखादं गोष्टीचं पुस्तक चालेल."

संपण्याची वेळ लिहायला संकोचू नका. ती लिहिली की पालकांनाही रात्रीच्या जेवणाचं गणित जमवता येतं. ॲलर्जीची चौकशी तर प्रत्येकाकडे करा. शेंगदाण्याचा कूट आपल्या स्वयंपाकात इतका मिसळलेला असतो की तो घातलाय हे सांगायचंही सुचत नाही. एखाद्या मुलाला चालत नसेल तर त्या दिवशी कूट ओट्यावर काढूच नका, कोशिंबिरीतही नाही.

## सजावट: थोडी, आणि मुलाच्या हाताने केलेली

सजावटीवर मी फार वेळ घालवत नाही. संक्रांतीनंतर पतंगी कागद स्वस्तात मिळतो. त्याचे त्रिकोण कापून, दोऱ्यावर खळीने चिकटवून पताका करायच्या. हे काम आठवडाभर आधी मुलासोबत रोज थोडं थोडं होतं, आणि "ही मी केली" म्हणून ते आल्यागेल्याला दाखवतं. दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण, उंबऱ्याबाहेर रांगोळी. कागदी सामान मी मेनरोड आणि रविवार कारंजा भागातून आणते.

खरेदीआधी एक लक्षात घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचं थर्माकोल हेही बंद झालंय. दुकानात अजून दिसतं म्हणून घेऊ नका. ताटल्यांसाठी सुपारीच्या पानांच्या किंवा पळसाच्या पत्रावळी चांगल्या. मी तर शेजारच्या दोन घरांतून स्टीलच्या वाट्या-चमचे मागून आणते. घासायला लागतात, पण लहान हातांत स्टीलची वाटी नीट बसते आणि खाणं सांडत नाही.

फुग्यांबद्दल मात्र मी कडक आहे. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर तो घशावर पडद्यासारखा बसतो. आठ वर्षांखालच्या मुलांना हा धोका असतो. म्हणून फुगे पंपाने मोठ्यांनीच भरायचे, मुलांचा हात पोचणार नाही इतके वर बांधायचे, आणि फुटला की हातातलं काम टाकून तुकडे उचलायचे. हवेत तरंगणारे फुगे हवेच असतील तर हेलियमचेच, आणि विचारून घ्या. रस्त्यावर बऱ्याचदा हायड्रोजन भरलेला असतो, तो स्वस्त पडतो आणि निरांजनाच्या किंवा मेणबत्तीच्या जवळ गेला की भडका उडतो.

केक कापताना फवारतात तो फेसाचा स्प्रेही आमच्या घरी येत नाही. त्या डब्यातला वायू बहुतेक ज्वलनशील असतो. समोर पेटती मेणबत्ती आणि मुलीच्या अंगात नायलॉनच्या जाळीचा फ्रॉक असताना तो उडवणं मला बघवत नाही. पाहुण्यांपैकी कुणी हौसेनं आणला तर सरळ काढून ठेवा. वाईट वाटलं तरी चालेल.

कपडे सुती घाला. तो घेरदार झगा सकाळी औक्षणाला अर्धा तास घातला, फोटो निघाले, पुरे.

## खाणं

मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळे पदार्थ करण्याची गरज नाही, पण एकाच पदार्थाची दोन रूपं करावी लागतात. पावभाजी त्यासाठी सोयीची आहे. भाज्या शिजवून घोटल्या, टोमॅटो-कांदा परतून मिसळला, मीठ आणि लोणी पडलं, की तिखट-मसाला घालण्याआधी मुलांची भाजी वेगळ्या पातेल्यात काढायची. त्यात किसलेलं बीट घातलं तर रंग लाल येतो आणि "माझी वेगळी का" असं कुणी विचारत नाही. उरलेल्यात तिखट, मसाला, आलं-लसूण.

बारा मुलं आणि अठरा मोठी माणसं धरून माझं माप असं आहे:

- बटाटे २ किलो, फ्लॉवर १ किलो, सोललेले मटार पाऊण किलो (शेंगा दीड किलो घ्या), ढोबळी मिरची ४०० ग्रॅम
- टोमॅटो दीड किलो, कांदे १ किलो, वरून घ्यायला आणखी अर्धा किलो
- लोणी पाऊण किलो, त्यातलं पाव किलो पाव भाजायला
- पाव सात डझन: मोठ्यांना तीन-तीन, मुलांना एक-दीड, आणि एक डझन हाताशी
- लिंबं पंधरा, कोथिंबिरीच्या दोन मोठ्या जुड्या

कुणी जैन कुटुंब येणार असेल तर कांदा, लसूण आणि बटाट्याशिवाय कच्च्या केळ्याची भाजी एका कढईत आधी करून झाकून ठेवा. तिच्यासाठी वेगळा डावही ठेवा. यजमानाने एवढी काळजी घेतलेली पाहुण्यांच्या लक्षात राहते.

जोडीला छोट्या साच्यातल्या इडल्या आणि गोडाचा शिरा. शिरा आजीकडे सोपवावा. मुलं शिरा खात नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी केळं घातलेला गरम शिरा छोट्या वाटीत देऊन बघावा. पेय म्हणून कमी साखरेचं लिंबू सरबत. कोकम मला स्वतःला फार आवडतं, पण त्याचे डाग निघत नाहीत. पाण्यासाठी नळाचं मडकं मुलांच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा आणि पेल्यांवर नावं चिकटवा.

आता काय ठेवायचं नाही ते. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, मक्याच्या लाह्या, कडक गोळ्या, छोट्या कपातली जेली हे पदार्थ पाच वर्षांखालच्या मुलांसमोर येता कामा नयेत. पळता पळता हसू येतं आणि दाणा श्वासनलिकेत जातो. त्यामुळे नेहमीचा चिवडाही बाद, त्यात शेंगदाणे असतातच. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचे दिवस, घरोघरी पेट्या येतात. द्राक्षं ठेवायची तर उभी चिरून चार फोडी करून. आडवी अर्धी केलेली द्राक्षं तितकीच गोल राहतात, घसरून घशात अडकू शकतात. आणि सगळ्यात मोठा नियम: खाणं बसूनच. सतरंजी अंथरा, सगळ्यांना गोलात बसवा, घास तोंडात असताना कुणी उठायचं नाही.

तरीही काही अडकलंच, तर मूल जोरात खोकत असेल तोवर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा जोरात थापा मारा. तेवढ्याने निघालं नाही तर मागे बसून, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबा. पुन्हा थापा, पुन्हा दाब, असं चालू ठेवा. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं धरून पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ लावायचा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी आत जातं. हे आदल्या दिवशी घरातल्या दोघांनी तरी एकदा उजळून घ्यावं. मी दर वर्षी घेते.

आणखी एक. कुणाच्या कडेवरचं धाकटं बाळ आलं असेल, वर्षाच्या आतलं, तर त्याच्या तोंडाला मध लावू देऊ नका. आपल्याकडे हौसेनं लावतात, पण त्या वयात मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

## केक आधी, खेळ नंतर

बहुतेक ठिकाणी केक शेवटी कापतात. मी तो सुरुवातीला, सगळे जमल्यावर अर्ध्या तासात कापते. केक समोर दिसत असला की चार वर्षांच्या मुलाचं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही. ते दर दोन मिनिटांनी विचारतं, आणि कुणीतरी बोट लावतंच. शिवाय क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात एक तासच.

तीस जणांना दीड किलोचा केक पुरतो, तुकडा साधारण ५० ग्रॅमचा होतो. तीन मजली केक कापायला कठीण आणि उरतो फार. बिनअंड्याचा घ्या म्हणजे कुणाला विचारायला नको. ऑर्डर देताना मुलाच्या नावाचं स्पेलिंग आणि उच्चार लिहूनच पाठवा, मराठीत हवं असेल तर देवनागरीत लिहून.

आमच्या घरी दिवा विझवणं आजींना रुचत नाही. सकाळी तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन औक्षण होतं. मूल पाटावर, पाटाभोवती रांगोळी. अंगठी आणि सुपारी तोंडाभोवती ओवाळताना लेक डोळे मिटून घेते. त्या निरांजनाला कुणी फुंकर घालत नाही. संध्याकाळी मात्र केकवर एकच मेणबत्ती लावतो, कारण बाकीची मुलं तिची वाट बघतात. तुमच्या घरात हे दोन्ही जमत नसेल तर मेणबत्तीऐवजी फक्त टाळ्या आणि गाणं. मुलांना काही फरक पडत नाही. मेणबत्ती असेल तर केस बांधलेले हवेत, आणि विझल्यावरच पहिला हात केकला.

पहिला तुकडा कुणाला भरवायचा ते मुलाला ठरवू द्या. फोटोसाठी तोंडाला केक फासण्याची पद्धत आलीये, ती इथे नको. मूल घाबरतं, क्रीम डोळ्यांत जातं.

## खेळ

या वयात "आउट" होण्याचा खेळ ठेवू नका. संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल कोपऱ्यात बसून रडतं, आणि उरलेला पाऊण तास आपण त्याची समजूत काढतो. तोच खेळ उलटा करा. खुर्च्या काढायच्या, मुलं नाही. संगीत थांबलं की उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून बसायचं, मांडीवर, काठावर, जमेल तसं. शेवटी दोन खुर्च्यांवर बारा मुलं एकमेकांना धरून उभी असतात. हसण्याने घर दणाणतं.

आमच्याकडे सगळ्यात चांगले चालतात ते जुनेच खेळ, आणि त्यांना सामान लागत नाही:

मामाचं पत्र हरवलं. गोलात बसायचं, एकाने रुमाल घेऊन बाहेरून फिरायचं. चार वर्षांच्या मुलांना मागे रुमाल ठेवलाय हे लवकर कळत नाही, म्हणून एक मोठा माणूस गोलात बसून हळूच खूण करतो.

डोंगराला आग लागली, पळा पळा पळा. धावण्यासाठी मोकळी जागा असेल तरच. घरात असेल तर जागच्या जागी धावायला सांगा, "थांबा" म्हटलं की पुतळा. हाही बाद न करता.

शिवाजी म्हणतो. "शिवाजी म्हणतो, नाकाला हात लावा." चुकलं तर सगळ्यांनी मिळून एक उडी मारायची आणि पुढे चालू. मोठ्या आवाजात सांगणारा मामा किंवा काका असेल तर वीस मिनिटं सहज जातात.

पळण्याच्या दोन खेळांनंतर एक बसून करायचं काम हवंच, नाहीतर धडपड होते. माझं ठरलेलं काम म्हणजे भेंडीचे ठसे. जून भेंडी आडवी कापली की देठाकडच्या भागाचं फूल उमटतं. कांदा अर्धा केला की गोल वर्तुळं, ढोबळी मिरचीचं वेगळंच पान. थाळीत पातळ पोस्टर कलर, खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि भिंतीला किंवा जमिनीवर एक लांब कागद, सगळ्यांनी मिळून एकच चित्र करायचं. लेकीच्या चौथ्या वाढदिवसाचा तो कागद अजून आमच्या दारामागे लावलेला आहे, बारा मुलांचे हात आणि भेंडीची फुलं. ज्यांना रंग नको त्यांच्यासाठी मळलेल्या कणकेचे गोळे, हळद आणि बिटाच्या रसाने रंगवलेले.

चॉकलेटांनी भरलेला मोठा फुगा डोक्यावर फोडायचा प्रकार मी बंद केला. तिसऱ्या वर्षी तो फुटला तेव्हा सात-आठ वर्षांच्या दादा-ताईंनी सगळं लुटलं आणि दोन छोट्यांची बोटं चेंगरली. लुटण्याची मजा बोरन्हाणातही असते. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान आपण लहानग्यांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे ओततो आणि भोवतीची मुलं वेचतात. तीच कल्पना मी थोडी बदलून घेतली. प्रत्येकाला नाव लिहिलेली वाटी द्यायची, घरभर रंगीत कागदात गुंडाळलेल्या खजुराच्या वड्या आणि छोटे खडू लपवायचे. प्रत्येकाने पाचच शोधायचे. पाच झाले की दुसऱ्याला शोधायला मदत करायची. लपवताना पलंगाखाली आणि गॅलरीत काही ठेवू नका. किती लपवले ते मोजून ठेवा, नाहीतर आठवड्याने मुंग्या दाखवून देतील.

जादूगार किंवा मोठ्या मुखवट्यातला कुणी बोलवायचा विचार असेल तर थांबा. तीन-चार वर्षांच्या बऱ्याच मुलांना चेहरा झाकलेला माणूस फार भीतिदायक वाटतो. आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्ट, आवाज काढून, हातवारे करून, या वयाला पुष्कळ.

## त्या दिवसाचं वेळापत्रक

आदल्या रात्री: भाज्या चिरून फ्रिजमध्ये, पाव सोडून सगळं सामान घरात, पताका लावलेल्या, रिटर्न गिफ्ट पिशवीत भरून दारामागे. औषधाचा डबा, फिनेल, कात्र्या, सुया, सगळं वरच्या फळीवर. गॅलरीच्या दाराची कडी तपासा. गच्चीवर असेल तर पाण्याच्या टाकीचं झाकण आणि कठडा आधी जाऊन बघा.

- ९.०० औक्षण, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, घरचा नैवेद्य
- १२.०० मोठ्यांचं जेवण. मूल आपल्या नेहमीच्या वेळी जेवेल आणि झोपेल, कुणी उठवायचं नाही
- ३.३० भाजी तयार, मुलांची वेगळी काढलेली
- ४.४५ मुलाचा चेहरा-हात धुऊन सुती कपडे, थोडं खाऊ घालणं. भुकेल्या पोटी मूल केकपाशी चिडचिड करतं
- ५.०० येणाऱ्या मुलांसाठी सतरंजीवर कणकेचे गोळे आणि खडू. लवकर आलेल्याला हाताला काम मिळतं
- ५.२५ केक
- ५.४० पळण्याचे खेळ
- ६.०० ठसे
- ६.२० हात धुऊन गोलात खाणं. मोठे नंतर, किंवा उभ्याने बाजूला
- ६.४५ शोधाशोध, गोष्ट
- ७.०० दाराशी निरोप आणि पिशवी

या वेळापत्रकात तीन माणसं नेमलेली हवीत. एक स्वयंपाकघरात, एक दाराशी, आणि एक फक्त मुलांमध्ये. तिसऱ्या माणसाने फोन हातात घ्यायचा नाही. फोटोंसाठी चौथं कुणीतरी सांगून ठेवा. शेजारची कॉलेजात जाणारी ताई हे काम आनंदाने करते.

संगीत हळू. रात्री दहानंतर लाउडस्पीकर कायद्यानेच बंद असतो, पण मुलांच्या कार्यक्रमाला तशीही मोठ्या आवाजाची गरज नसते.

## वाढदिवसाचंच मूल रडलं तर

रडतंच, दर दुसऱ्या वर्षी. नवीन खेळणं दुसऱ्याने उचललं, किंवा सगळे एकदम बोलायला लागले, तेवढ्याने. म्हणून भेटी आल्या की लगेच आतल्या खोलीत ठेवा आणि त्या दिवशी उघडू नका. मुलाची अगदी लाडकी दोन-तीन खेळणी सकाळीच कपाटात ठेवा, ती कुणी मागणार नाहीत. आतली एक खोली शांत ठेवा, दिवा मंद, एक उशी. लेक तिथे आजीच्या मांडीवर दहा मिनिटं पडते आणि परत येते. गर्दीचा त्रास होणारं दुसरं कुठलं मूल असेल तर त्याच्या आईला ती खोली आल्याबरोबर दाखवून द्या.

"सगळे बघतायत, रडू नको" असं म्हणू नका. सगळे बघतायत म्हणूनच ते रडत असतं.

## रिटर्न गिफ्ट

सगळ्यांना एकसारखी वस्तू. रंग वेगळा झाला तरी भांडण होतं, तेव्हा रंगही एकच. मी पुस्तकं देते. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं कमी किमतीत मिळतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं सुरेख असतात. कधी जाड खडूंची पेटी, कधी कुंडीतलं तुळशीचं किंवा पुदिन्याचं रोप.

दिवे लुकलुकणाऱ्या अंगठ्या, टोप्या, स्वस्तातली आवाजाची खेळणी टाळा. त्यांत बटणासारखी छोटी बॅटरी असते आणि झाकण सहज निघतं. ती गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिकेला आतून भाजल्यासारखी जखम होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. सुटे छोटे लोहचुंबक असलेली खेळणीही तशीच धोक्याची.

## दुसरा दिवस

उरलेली भाजी संध्याकाळीच फ्रिजमध्ये गेलेली असेल तर दुसऱ्या दिवशी तिचे पराठे होतात. मागून आणलेल्या वाट्या मोजून, त्यात थोडा शिरा घालून परत करा, रिकामं भांडं आपल्याकडे देत नाहीत.

भेटी मी एकदम उघडू देत नाही. रोज एक, दुपारच्या झोपेनंतर. कुणी काय दिलं ते वहीत लिहिते, आणि त्या दिवशी लेक त्या घरी एक छोटा निरोप पाठवते, फोनवर स्वतःच्या आवाजात. मागच्या वेळी भाजीवाल्या मावशींनी तिला हिरव्या मटारच्या शेंगांची जुडी बांधून दिली होती, वर लाल फीत. ती तिनं सगळ्यात आधी सोडली, दाणे सोलून खाल्ले, आणि मग म्हणाली, "मावशींना फोन लाव."